गाळलेला प्रकाश

(स्मृतिव्याख्यानमालेत शाळेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाची लेखी प्रत)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या सरांनी येथे विज्ञान शिकवले. मी जन्मभर महाविद्यालयात मराठी शिकवली. त्यामुळे व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी संतसाहित्यावर बोलेन, निदान एखाद्या कवीवर तरी बोलेन, अशी संयोजकांची समजूत होणे स्वाभाविक होते. मी विषय कळवला तो असा : साध्या घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याने भर दिवसा अवरक्त प्रकाशात चित्रण करणे आणि त्यासाठी लागणारे फिल्टर. निमंत्रणपत्रिकेत ‘विज्ञान आणि साहित्य’ असे छापून आले. संयोजकांना मी दोष देत नाही. पण सरांनी आणि मी मिळून केलेला एकमेव उद्योग हाच होता, आणि त्या उद्योगात माझ्या हातून एक चूक घडली होती. ती सांगायला यापेक्षा योग्य जागा मला सापडायची नाही.

आरंभ शब्दापासून करतो. ती माझी खोड आहे. ‘अवरक्त’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आला की मुले दचकतात, कारण मराठी कानाला रक्त म्हणजे अंगातले रक्त. संस्कृतात रक्त म्हणजे तांबडे, आणि ‘अव’ म्हणजे खालचे. तांबड्याच्या खालचा तो अवरक्त. फिल्टरला मात्र आपण गाळणी म्हणत नाही, फिल्टरच म्हणतो. एरवी ‘गाळणे’ हे क्रियापद मराठीत केवढे मोठे काम करते! आपण चहा गाळतो, घाम गाळतो, अश्रू गाळतो, वाचताना एखादी ओळ गाळतो. परीक्षेत मुलांना गाळलेल्या जागा भरायला सांगतो. कपड्यातून चाळून घेतलेल्या पुडीला वस्त्रगाळ म्हणतो. गाळून जे हाती येते तेही गाळलेलेच आणि गाळून जे टाकले जाते तेही गाळलेलेच, अशी ही दुतोंडी क्रिया आहे. सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले होते, “तुमच्या व्याकरणाने फिल्टरची व्याख्या माझ्या पुस्तकापेक्षा बरी केली आहे.” फिल्टर प्रकाशात काहीही घालत नाही, असलेल्यातून काढतो. लाल काच पांढऱ्या उजेडाला लाल रंग देत नाही. लालखेरीज बाकीचे रंग स्वतःजवळ ठेवून घेते. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सारे सोपे आहे.

माझी आणि सरांची खरी ओळख ग्रहणाच्या दिवशी झाली. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीचे दिवस. खग्रास ग्रहण उत्तरेकडे राजस्थान, उत्तर प्रदेश ते बंगाल अशा पट्ट्यात होते, आपल्याकडे खंडग्रास. सकाळी मुले हातात काय काय घेऊन रस्त्यावर आली होती : एक्स-रेचे तुकडे, काजळी धरलेल्या काचा, आणि बऱ्याच जणांच्या हाती रंगीत फोटोंच्या रिळाची काळीकुट्ट टोके. सर शाळेच्या फाटकापाशी उभे राहून ती रिळांची टोके मुलांच्या हातून अक्षरशः काढून घेत होते. मी विचारले, ही तर एक्स-रेपेक्षाही काळी दिसतात, मग हरकत काय? ते म्हणाले, “तुमच्या डोळ्याला काळी दिसतात, हीच हरकत.” रंगीत फिल्मचा काळेपणा रंगद्रव्यांचा असतो. ती द्रव्ये दिसणारा प्रकाश अडवतात आणि अवरक्त मात्र बेलाशक आत सोडतात. समोर अंधार वाटला म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि त्या उघड्या दारातून न दिसणारा प्रकाश थेट दृष्टिपटलावर पडतो. तेथे वेदना नसते, त्यामुळे इजा झाल्याचे कळतही नाही. एक्स-रे फिल्मचा काळेपणा चांदीच्या कणांचा. चांदी दोन्ही प्रकाश सारखेच अडवते. (म्हणून एक्स-रेमधून सूर्य पाहावा असे मात्र नाही. ग्रहणासाठी प्रमाणित चष्माच हवा.) फाटकापाशी जप्त झालेली ती टोके सरांनी एका लिफाफ्यात घालून ठेवली. सहा वर्षांनी तीच आमच्या उपयोगी पडली.

आता थोडे शास्त्र. मी सरांइतके नीट सांगू शकणार नाही, पण त्यांच्याकडून जे ऐकले ते सांगतो. सन १८०० मध्ये विल्यम हर्शल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत जास्त चढला. युरेनस ग्रह शोधणाऱ्या माणसाने टेबलावर बसून हा दुसरा शोध लावला. त्यानंतर ११० वर्षांनी, १९१० मध्ये, रॉबर्ट वुड या अमेरिकी शास्त्रज्ञाने या प्रकाशात निसर्गाची छायाचित्रे काढून प्रसिद्ध केली. झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी आणि आकाश काळे. आजही या पांढऱ्या पानांना वुडचेच नाव दिले जाते.

आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. व्हिडिओ कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चकती जवळजवळ १,००० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकते. म्हणजे कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा जास्त दिसते आणि ते रंगांचा बिघाड करते. म्हणून कारखान्यातच चकतीसमोर एक काच बसवतात, जी अवरक्त अडवते. कॅमेऱ्याचा डोळा माणसासारखा व्हावा म्हणून त्याच्यावर झापड बांधलेली असते, असे म्हणा ना. घरी जाऊन टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही; पडद्यावर बहुधा फिकट जांभळा ठिपका लुकलुकेल. झापड तेवढी सैल आहे.

सोनी कंपनीने १९९८ मध्ये आपल्या हँडीकॅमला ‘नाइटशॉट’ नावाची सोय दिली. एक खटका सरकवला की चकतीसमोरची ती काच बाजूला होई आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरचा अवरक्त दिवा लागे. काळोखात झोपलेले बाळ, रात्री दाण्यावर आलेला उंदीर, असे काही टिपावे हा हेतू. पण लोकांनी खटका दिवसाच सरकवला आणि भिंगासमोर दृश्य प्रकाश अडवणारा काळा फिल्टर लावला. मग काही पातळ, अंगाला चिकटून असलेले कपडे त्यात आरपार दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीने हे कॅमेरे पाठवणे थांबवले आणि रचना बदलली. पुढच्या कॅमेऱ्यांत नाइटशॉट लावला की भिंगाचे छिद्र सताड उघडे राही आणि उघडझापेचा वेग वाढवता येत नसे. परिणामी दिवसा चित्र दुधासारखे पांढरे होऊन काहीच दिसत नसे. बातम्यांत अतिशयोक्ती पुष्कळ होती. सैल, सुती किंवा दुहेरी कापडातून काही दिसत नाही. पण बातमी अगदीच खोटीही नव्हती, आणि ती वाचून असले फिल्टर विकत घेणारे सगळेच वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक नव्हते.

माझा भाचा २००० मध्ये आखातातून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी असा कॅमेरा आणला. अर्थात बदललेल्या रचनेचा. मी त्याने नातवंडांचे वाढदिवस टिपत होतो. सरांनी तो हातात घेतला, खटका पाहिला आणि विचारले, “हा दिवसा सरकवून पाहिलात का?” येथून आमचा उद्योग सुरू झाला.

अडचण दुहेरी होती. दृश्य प्रकाश पूर्ण अडवायचा. आणि मग राहिलेला अवरक्तही कमी करायचा, कारण छिद्र सताड उघडे. पहिला प्रयोग वेल्डिंगच्या काचेचा. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत ती काच हवी तितकी मिळते. खटका सरकवला, काच लावली, चित्र आले. पण झाडाची पाने काळीच. सर हसत सुटले. वेल्डरच्या डोळ्याला अवरक्तापासून वाचवणे हेच त्या काचेचे काम. आम्हाला हवे होते नेमके तेच तिने गाळले होते.

मग ग्रहणाचा लिफाफा निघाला. रंगीत रिळाचे काळे टोक दुहेरी करून लावले तेव्हा पडदा पांढराफटक झाला. म्हणजे अवरक्त येत होता, नको तितका येत होता. बाजारात प्रकाश कमी करणाऱ्या करड्या काचा मिळतात; फोटोग्राफर त्यांना एनडी म्हणतात. एका स्टुडिओवाल्याकडून अशा दोन मागून आणल्या. डोळ्याला त्या एकावर एक चांगल्याच गडद दिसत. कॅमेऱ्याला काही फरक पडला नाही. त्याही रंगद्रव्याच्याच होत्या आणि अवरक्ताला त्यांचा करडेपणा दिसतच नव्हता. धातूचा पातळ थर दिलेल्या एनडी काचा चालतात हे नंतर कळले, पण त्या आमच्या खिशाबाहेरच्या. शेवटी सरांनी एक्स-रेचा फिकट करडा तुकडा कापून मधे सरकवला. चांदी! पडद्यावर हळूहळू झाड उमटले. थोडे धूसर होते, कारण एक्स-रेची फिल्म काही भिंगासमोर धरण्यासाठी बनवलेली नसते. पण शाळेच्या आवारातला कडुलिंब पांढराशुभ्र उभा होता आणि त्याच्यामागचे आकाश सायंकाळी असते तसे गडद होते. दुपारचे साडेबारा वाजले होते.

एक्स-रेच्या धूसरपणावरचा उपाय मात्र मी सुचवला, हे आजही अभिमानाने सांगतो. काळ्या पुठ्ठ्याला पेन्सिलच्या जाडीचे भोक पाडून तो भिंगासमोर धरला. छिद्राला रंग कळत नाही. ते सगळाच प्रकाश सारखा कमी करते. दूरचे जवळ आणून टिपताना ही युक्ती उत्तम चालते. रुंद दृश्य घेतले तर कडा काळ्या पडतात आणि कधी मध्ये एक उजळ डाग येतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा अवरक्त दिवा फिल्टरवर आपटून परत येऊ नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावावी लागे. फिल्टर काढला की केंद्रण पुन्हा करावे लागते, कारण भिंग अवरक्ताला किंचित वेगळ्या जागी गोळा करते. जुन्या स्थिर कॅमेऱ्यांच्या भिंगांवर यासाठी एक तांबडी खूण असे. पुढे मी मुंबईहून ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश अडवणारी तयार काच आणली. पण रिळाच्या टोकांनी जे दाखवले त्याहून फार निराळे तिने दाखवले असे नाही.

काय काय दिसले? पाने पांढरी दिसतात, कारण हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खाते, पण अवरक्त त्याच्या कामाचा नसतो. पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमांवर आपटून तो बराचसा बाहेर फेकला जातो. वाटेवरच्या तळ्याचे पाणी शाईसारखे काळे दिसले. आकाश काळे दिसते, कारण हवेचे रेणू लांब तरंगांना फार कमी विखुरतात. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या सुमारे एक दशांशच विखुरला जातो. एरवी पुसट दिसणारी दूरची धुरांडी त्यामुळे कोरल्यासारखी स्पष्ट दिसली. मात्र हिवाळ्यातल्या दाट धुक्यापुढे कॅमेराही आमच्याइतकाच आंधळा. धुक्याचे थेंब मोठे असतात, ते कोणत्याच तरंगाला सोडत नाहीत.

सरांनी तेव्हा मला प्रा. पिशारोटी यांची हकीकत सांगितली. पी. आर. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक, नंतर अहमदाबादला आले. त्यांनी १९७० मध्ये केरळात नारळाच्या मर रोगाने ग्रासलेल्या बागांची हवेतून अवरक्त-संवेदी फिल्मवर छायाचित्रे घेतली आणि रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. भारतातील दूरसंवेदनाचा तो आरंभ मानला जातो. मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह गेला, त्याच्या कॅमेऱ्यांच्या चार पट्ट्यांपैकी एक अवरक्ताचाच होता. म्हणजे आम्ही रिळाच्या तुकड्याने शाळेच्या कडुलिंबाची तब्येत पाहत होतो ती विद्या मोठ्या प्रमाणावर देशाची पिके पाहण्यासाठी वापरली जाते. सरांनी कडुलिंबाची एक वाळू लागलेली फांदी मला पडद्यावर दाखवली. ती शेजारच्या फांद्यांपेक्षा मळकट दिसत होती.

या गावाविषयी एक शब्द मधेच. बाहेरगावी सचिनचे नाव काढले की लोक क्रिकेटकडे वळतात. मी त्यांना सांगतो की त्या सचिनचे वडील माझ्याच धंद्यातले, मराठीचे प्राध्यापक होते. पण आपल्या सचिनचा मराठीशी संबंध त्याहून जुना. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियाँ यांनी १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना देऊन त्याबदल्यात हा मुलूख घेतला आणि सचिनचे संस्थान झाले. याच नवाबी घराण्याशी जिचे नाते सांगितले जाते त्या फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतात. परीकथेचा तो पट होता. कॅमेऱ्याने न दिसणारे दाखवण्याचा शौक या गावाच्या नावाला तेव्हापासून चिकटलेला आहे म्हणायचा.

आता कापडाकडे येतो, कारण या परिसरात कापडावाचून कोणतीच गोष्ट पुरी होत नाही. सुरत, पांडेसरा, सचिन येथे रंगवले जाते ते मुख्यत्वे पॉलिएस्टर. आपल्यापैकी कित्येक खानदेशी कुटुंबे या रंगाईच्या आणि मागांच्या कामावरच येथे रुजली. पॉलिएस्टरला लागणारे काळे रंग बहुधा दोन-तीन रंगांच्या मिश्रणातून काळे होतात. दिसणारा प्रकाश ते मिळून खाऊन टाकतात आणि अवरक्त जाऊ देतात. सरांनी एका माजी विद्यार्थ्याकडून काळ्या चिंध्या आणल्या आणि दोरीवर वाळत घालून टिपल्या. डोळ्याला आठही काळ्या. पडद्यावर पाच पांढऱ्या, दोन करड्या आणि एक काळी. सैन्याच्या गणवेशासाठी रंग निवडताना हे तपासावेच लागते, नाहीतर हिरवळीत लपलेला शिपाई अवरक्तात वेगळा उठून दिसेल. काजळी, म्हणजे कार्बन, मात्र दोन्ही प्रकाशांत काळीच.

चिंध्यांचा हा प्रयोग संपल्यावर सरांनी एक गोष्ट बजावली होती. झाडांकडे, आकाशाकडे, दोरीवरच्या कापडाकडे खुशाल रोखा. अंगावरच्या कापडाकडे माणसाला सांगितल्याशिवाय रोखू नका. मी मान डोलावली होती.

जानेवारी २००२. संक्रांत. सुरतेत हा दिवस पतंगांचा. गच्चीवरून मी आकाश टिपत होतो. लाल, हिरवे, जांभळे सारे पतंग काळ्या आकाशात पांढरे होऊन फिरत होते. दोन दिवसांनी घरी हळदीकुंकू होते, ऊन चांगले म्हणून गच्चीवरच. आमच्या सौभाग्यवतींनी बोलावलेल्या पंधरा-वीस बायका, बहुतेकींच्या अंगावर संक्रांतीची काळी साडी. आमच्या आईने पूर्वी नेसलेली चंद्रकळा सुती होती; या साऱ्या येथल्याच गिरण्यांतल्या पॉलिएस्टरच्या. दोरीवरच्या चिंध्या माझ्या डोक्यात होत्या. फिल्टर खिशात होता. मी कोणालाही न सांगता खटका सरकवला आणि दहा मिनिटे टिपले. बायकांना वाटले, नेहमीचेच चित्रण चालले आहे.

आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. वडील १९७१ मध्ये गेले. तेव्हापासून ती फिकट साडी नेसे आणि हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांच्या रांगेत येत नसे. कोणी तिला मनाई केली नव्हती. ती येत नसे, एवढेच.

संध्याकाळी काही बायका थांबल्या होत्या. ‘दाखवा ना काय काढलेत ते,’ म्हणाल्या. मी कॅमेरा टीव्हीला जोडला. साऱ्याजणी पांढऱ्या साड्यांत. अवरक्तात तांबडाही फिकट होतो, आणि कपाळाची त्वचा उजळ होते. त्यामुळे एकीच्याही कपाळावर कुंकू नव्हते. केसही करडे, म्हाताऱ्यासारखे. ज्यांनी घरी धरलेले काजळ घातले होते त्यांच्या डोळ्यांच्या कडा तेवढ्या काळ्या राहिल्या होत्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या, कुंकू नसलेल्या वीस बायका एकमेकींच्या कपाळाला बोट लावत होत्या आणि हसत होत्या.

खोलीत कोणी बोलेना. एकीने पदर डोक्यावर घेतला. दुसरी म्हणाली, “भाऊ, बंद करा ते. सणासुदीचं असलं काही दाखवू नये.” मी उठलो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, “राहू दे रे जरा.” ती टीव्हीजवळ आली, चष्मा नीट केला, आणि चित्रात स्वतःला शोधू लागली. कडेला बसलेली ती इतर बायकांपासून वेगळी ओळखू येत नव्हती. मी बोट ठेवून दाखवले. ती म्हणाली, “आज सगळ्या माझ्यासारख्या दिसताहेत की,” आणि हसली. ते हसणे बरे वाटून होते की कसे, याचा मी आज इतकी वर्षे विचार करतो आहे.

दुसऱ्या दिवशी सरांना मोठ्या उत्साहाने ही हकीकत सांगितली. आईचे वाक्य सांगताना माझा गळाही थोडा दाटला असावा. साहित्याच्या माणसाला असा प्रसंग हाती लागणे म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकाल. सर ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, “खटका सरकवण्यापूर्वी त्यांना सांगितले होतेत?” मी म्हणालो, नाही, पण वावगे काहीच दिसले नाही, साड्या घड्यांच्या, अंगभर. ते म्हणाले, “ते तुम्हाला चित्र पाहिल्यावर कळले. टिपताना ठाऊक नव्हते.” आणि ते उठून गेले. तीन आठवडे ते माझ्याकडे फिरकले नाहीत. आमच्या मैत्रीत एवढा खंड आधी कधी पडला नव्हता आणि पुढेही नाही.

त्यांचे म्हणणे मी तेव्हा वादासाठी नाकारले. मी म्हणालो होतो, यंत्राने जे दाखवले ते मी केवळ पाहिले. आज मला हा बचाव टिकणारा वाटत नाही. नेसलेली साडी ही चार लोकांच्या डोळ्यांना धरून नेसलेली असते. ती रंगवणाऱ्याने, विकणाऱ्याने, नेसणारीने सर्वांनी ४०० ते ७०० नॅनोमीटरचाच उजेड गृहीत धरलेला असतो. त्यापलीकडचा उजेड घेऊन मी गच्चीवर गेलो होतो आणि तसे मी कोणाला सांगितले नव्हते. त्या उजेडात सत्य जास्त असते, असेही नाही. पांढरी साडी हे काळ्या साडीचे ‘खरे’ रूप नव्हे, दोन्ही गाळलेलीच. मी त्या बायकांच्या घरी जाऊन एकेकीची क्षमा मागितली, सौभाग्यवती बरोबर होत्या. बहुतेकींनी हसण्यावारी नेले. एकीने मात्र दार उघडून ऐकून घेतले आणि “ठीक आहे” म्हणून दार लावले. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

आईने पुढच्या आठवड्यात ती कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मी म्हणालो, मी ती पुसणार आहे, सरांचे तसे मत आहे. ती म्हणाली, “माझ्यापुरती ठेव.” ज्यांची क्षमा मागायची त्यांच्यात तीही होती, हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते. तिला न विचारता टिपले ते टिपलेच, आता तिला न विचारता पुसणेही बरे दिसेना. बाकीचा भाग मी पुसला आणि आई एकटी खुर्चीवर बसली आहे तेवढे अर्धे मिनिट ठेवले. सरांना हे कळल्यावर ते पुन्हा यायला लागले.

२००३ च्या संक्रांतीला सौभाग्यवतींनी वाणाचे पहिले ताट उचलले ते जिन्याच्या तोंडाशी नेले आणि आईच्या पुढे धरले. कुंकवाचा करंडाही त्यात होता. आईने कुंकू लावून घेतले नाही. वाण घेतले, तिळगूळ घेतला, आणि खुर्ची थोडी पुढे ओढायला सांगितली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ती बातमी वाचली तेव्हा आई आणि सर दोघेही नव्हते. मला ती खुर्ची आठवली.

तो कॅमेरा आता चालत नाही. पट्टे झिजले आणि त्या जातीच्या कॅसेटही बाजारातून गेल्या. जी मुले आज हे करू पाहतील त्यांना जुने डिजिटल कॅमेरे स्वस्तात मिळतात. त्यांतली अवरक्त अडवणारी काच काढून घेता येते. ते काम जाणकाराकडूनच करावे. फ्लॅशच्या धारित्रात बंद कॅमेऱ्यातही जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

व्यासपीठाच्या डावीकडे टेबलावर मी सरांचा तो लिफाफा आणला आहे. त्यात १९९५ ची रिळाची टोके, एक्स-रेचा तुकडा, भोक पाडलेला पुठ्ठा, वेल्डिंगची काच आणि आठ काळ्या चिंध्या आहेत. शेजारी काच काढलेला एक कॅमेरा लहान पडद्याला जोडून खिडकीकडे तोंड करून ठेवला आहे. त्यात कडुलिंब दिसेल. तो कोणाकडेही वळवू नये अशी चिठ्ठी लावलेली आहे. रिळाची टोके डोळ्याला लावून कोणीही बाहेर सूर्याकडे पाहू नये. त्यासाठी मी टेबलापाशीच उभा राहणार आहे.